मला देवाचा हेवा वाटला

प्रिय पोट्टी,

त्या दिवशी नळ उशिराच आला होता आणि मी अंगणातला निळा ड्रम भरत होते. तू ओल्या केसांनी लॅबचा पांढरा कोट इस्त्री करत होतीस, मधेच आत जाऊन तव्यावरचा चीला उलटून येत होतीस. भनपुरीचे ट्रक बाहेर नेहमीसारखे बोंबलत होते. मी ओरडून म्हटलं, जरा पाइप धर, माझी कंबर धरली. तू येऊन पाइप धरलास, ड्रमात पडणाऱ्या पाण्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आई, अश्विन ने मना कर दिया. इस डब्बे का ढक्कन कहाँ है?" दोन्ही वाक्यं एकाच सुरात. आणि मी काय केलं, तर आधी आत जाऊन झाकण शोधून दिलं. तू डबा भरलास, कोट घडी करून पिशवीत ठेवलास, स्कूटी काढलीस आणि तेलीबांध्याला लॅबमध्ये गेलीस. ड्रम भरून पाणी फाटकापर्यंत गेलं, तेव्हा मला कळलं की माझ्या पोरीचं लग्न मोडलं.

दोन रविवारी पुकार झाली होती. पास्टर साहेबांनी वेदीपाशी उभं राहून तुमची दोघांची नावं वाचली होती, भिलाईचा अश्विन आणि आपल्या मंडळीतली देवश्री, कोणाची हरकत असेल तर सांगा. तिसरी पुकार झाली की लग्न करायला चर्च मोकळं. तुझ्या बाबांच्या आणि माझ्या वेळी तिसऱ्या पुकारेनंतर बाबांनी मागच्या बाकावरून इतक्या मोठ्याने 'आमेन' म्हटलं होतं की सगळी मंडळी हसली होती. मी तुला हे अनेकदा सांगितलं आहे. तुझ्या तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, आज नको जाऊ, मी पण जात नाही, ताप आहे म्हणून सांगू. तू आकाशी साडी नेसलीस आणि गेलीस. मग मलाही जावं लागलं. पास्टर साहेबांनी सूचना वाचल्या, युवा संघाची, कब्रस्तानाच्या भिंतीच्या वर्गणीची, आणि वही मिटली. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू गीताचं पान काढून बसली होतीस. आणि तू गायलीस, देवश्री. मी तुझ्या बाजूला मिटलेलं पुस्तक धरून उभी होते, आणि तू वरच्या पट्टीतलं कडवंसुद्धा सोडलं नाहीस.

मी मनाशी म्हटलं, घरी आल्यावर रडेल. मी तयारीत होते. तू हसशील, पण मी खरोखरच तयारीत होते. पलंगावरची चादर बदलली, तुझ्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, भाकरी थापल्या, आणि दुपारी मुद्दाम काम न काढता बसून राहिले, म्हणजे तू आलीस तर माझी मांडी रिकामी असावी. तू भरीत खाल्लंस, छान झालं म्हणालीस, ताट घासून ठेवलंस आणि झोपलीस. असं आठवडाभर चाललं. मग तुझं ते सहा वाजता उठून जाणं सुरू झालं. मला आधी वाटलं फिरायला जाते. मग एक दिवस चर्चचे धर्मपाल भैया भाजीच्या ठेल्यापाशी भेटले आणि म्हणाले, "भाभी, बिटिया रोज सुबह आती है, इसलिये मैं अब ताला जल्दी खोल देता हूँ." त्यांना वाटलं मला आनंद होईल.

मी दुसऱ्या सकाळी तुझ्या मागे आले. हे तुला माहीत नाही. चप्पल हातात घेऊन चर्चच्या बाजूच्या बोळातून खिडकीपाशी आले. सिमेंटच्या धुळीने ती काच कायम आंधळी असते, पण खालचा एक तुकडा फुटलेला आहे, तिथून दिसतं. तू तिसऱ्या बाकावर पाय वर घेऊन बसली होतीस, जशी घरात पलंगावर बसतेस. डोळे मिटलेले नव्हते, हात जोडलेले नव्हते. तू बोलत होतीस. "तुले माहीत आहे ना, ती लाल साडी मी फॉल लावाले टाकली होती," तू म्हणत होतीस, "आता त्या दुकानवाल्याले काय सांगू? तो तर विचारते, दीदी, तारीख कोणती. अन् मले काहून त्याचा राग येत नाही सांग. राग आला असता तर बरं झालं असतं." मग तू हसलीस. आणि हसता हसता रडायला लागलीस, मोठ्याने, नाक ओढत, लहानपणी रडायचीस तशी. आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायला लागलीस, मधला धागा न तोडता.

तू मराठीत बोलत होतीस. बाबांच्या वऱ्हाडीत. बाबा गेले तेव्हापासून तू या घरात मराठीचा एक शब्द काढला नाहीस. मी मराठीत विचारायचं, तू हिंदीत उत्तर द्यायचं. मी कधी तुला टोकलं नाही. मला वाटायचं, पोरीची शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, लॅब हिंदी, ती भाषा गेली बाबांबरोबर, जाऊ दे. आणि ती गेली नव्हती. जपून ठेवलेली होती, आणि माझ्यासाठी ठेवलेली नव्हती. मी त्या बोळात अनवाणी उभी होते, देवश्री, आणि मला देवाचा हेवा वाटला. साधा नाही. सवत म्हणावं तर मधे नवरा नाही, विहीण म्हणावं तर लग्नच झालं नाही, पण बाईच्या जातीला जे काही जळणं माहीत असतं ते सगळं मी तिथे उभ्याउभ्या जळून घेतलं.

त्यानंतर मी काय काय केलं ते तुला आठवत असेल, कारण मात्र तुला ठाऊक नव्हतं. माझी कंबर एकाएकी सकाळी सहालाच धरायला लागली आणि ड्रम तुलाच भरायला लागले. तू भरून साडेसहाला जायचीस. मग मी स्कूटीची किल्ली तांदळाच्या डब्यामागे ठेवली. तू पायी गेलीस. मग मी म्हणायला लागले की एकट्या मुलीने रिकाम्या चर्चमध्ये बसणं बरं दिसत नाही, ट्रकवाल्यांची वस्ती आहे, लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, "आई, चर्च में बैठती हूँ, सिनेमा में नहीं." एकदा मी तिरकस विचारलं, एवढं काय मागतेस रोज त्याच्याजवळ? तू भाजी चिरत होतीस. तू म्हणालीस, "माँगती कुछ नहीं." ते मला मागण्यापेक्षाही जास्त लागलं. मागणं मला समजतं. मागायला गेलेलं माणूस मिळालं की परत येतं.

आणि मग ती मटारची संध्याकाळ. आपण दोघी वऱ्हांड्यात मटार सोलत होतो आणि तू स्वतःहून बोललीस. अश्विन फोनवर काय म्हणाला ते सांगितलंस, की त्याचं तुझ्यावर कधी प्रेम नव्हतंच, त्याची मम्मी म्हणाली म्हणून त्याने हो म्हटलं होतं, आणि प्रत्येक पुकारेला त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. तू हिंदीतच सांगितलंस, पण सांगितलंस. मी दाणे सोलत राहिले, वर बघितलं नाही, न जाणो तू बुजून थांबशील. त्या संध्याकाळी मी फार सुखात होते. तुझ्या दुःखाच्या गोष्टीने मी सुखात होते, हे वाचायला वाईट वाटेल, पण आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते.

आणि तीच गोष्ट मी शुक्रवारच्या महिला सभेत नेऊन ठेवली. कशी, ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. सभा पद्मिनी दीदींच्या घरी होती. प्रार्थनेच्या आधी दीदी एकेकीला विचारतात, "बोलो बहन, किसके लिये दुआ करना है?" कोणी सुनेच्या बाळंतपणासाठी सांगते, कोणी मुलाच्या नोकरीसाठी. माझी पाळी यायच्या आधीच दीदी म्हणाल्या, "कमला बहन की देवश्री को देखो. क्या मज़बूत लड़की है! प्रभु ने उसे अपनी गोद में उठा लिया है." सगळ्या 'हालेलुया' म्हणाल्या. गोद, म्हणे. माझी मांडी भरीत करून वाट बघत बसली होती ते कोणाला माहीत नव्हतं. मला वाटलं, सगळं श्रेय त्यालाच देतात, आईला काही माहीत आहे की नाही? आणि मी बोलायला लागले. अश्विन काय म्हणाला, मम्मी काय म्हणाली, गुदमरणं, सगळं. प्रार्थना-विनंती म्हणून. आपल्या लोकांत हे किती सोपं आहे बघ, चुगली म्हटलं तर जीभ अडखळते, प्रार्थना-विनंती म्हटलं की डोळे मिटून सगळं बाहेर येतं. बायकांनी खूप मनापासून प्रार्थना केली. दोघीजणी रडल्या. माझ्या चहात दीदींनी जास्त साखर घातली.

रविवारी उपासनेनंतर ती म्हातारी, दारापाशी चपला सांभाळत बसते ती, तुझा हात धरून म्हणाली, "हव नोनी, हमन सब तोर बर पराथना करत हन. अइसन टूरा ला जान दे, जउन मया नइ करिस." तिच्या मनात वाईट काही नव्हतं, प्रेम न करणाऱ्या पोराला जाऊ दे एवढंच ती म्हणत होती. पण आजूबाजूला सगळे उभे होते. तू तिचा हात थोपटलास. आपण घरी आलो. दार लावून तू म्हणालीस, "आई, वो बात मैंने सिर्फ़ दो को बताई थी. एक तुम थीं." आणि चहा ठेवायला गेलीस, आणि ओट्यापासून, माझ्याकडे पाठ करून, "दूसरे ने किसी से नहीं कहा." तू ओरडली असतीस तर मीही ओरडले असते.

मग लॅबची जगदलपूरची शाखा निघाली आणि तू नाव दिलंस. मी म्हटलं, इतक्या लांब? तू म्हणालीस, "रात भर की बस है आई, अमरीका नहीं है." भाटागावच्या बस अड्ड्यावर मी तुला ठेच्याची बाटली दिली आणि तू म्हणालीस सांडेल, तरी घेतलीस. तेव्हापासून तू दर रविवारी न चुकता फोन करतेस. तब्येत कशी, गोळी घेतली का, पानी आ रहा है ना. मी म्हणते सगळं ठीक. धर्मपाल भैया विचारतात, बिटिया कैसी है. ते आता ताला पुन्हा उशिरा उघडायला लागले आहेत.

मला या पत्रात माझ्याबद्दलही थोडं सांगायचं आहे, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही. तुला वाटतं तुझी आई फार देवाची बाई आहे, कारण तू मला कायम वाचताना बघितलंस. मी चौथीपर्यंत शिकले. वाचायला खरी लागले ती लग्नानंतर, बाबा वर्कशॉपला गेले की. आधी किराण्याच्या पुड्यांचे कागद, मग मराठी मंडळाच्या वाचनालयातली पुस्तकं, आणि पवित्र शास्त्र तर बोट ठेवून, ओळीओळीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. बाबा म्हणायचे, "कमला, तुले परीक्षा द्यायची हाय काय?" ते गेले तेव्हा मी तेच केलं. वाचत राहिले. त्यात लिहिलं आहे की ज्याचं हृदय तुटलं त्याच्याजवळ तो असतो. मी वाचायचे आणि आजूबाजूला बघायचे. खुर्ची असायची, बाबांची पँट खुंटीला असायची, तो काही मला दिसला नाही, जाणवलाही नाही. साक्ष द्यायच्या वेळी विधवा बायका उभ्या राहून सांगायच्या, प्रभूने माझे अश्रू पुसले, आणि मी बाकाखाली चप्पल शोधायचे. मला त्यांचाही हेवा वाटायचा, पण तो मी गिळला. मी समजून घेतलं की काही लोकांना शब्द मिळतात आणि काही लोकांना तो स्वतः मिळतो. मला शब्द मिळाले होते. त्यावर मी इतकी वर्षं काढली, दुःखाला जागच्या जागी ठेवून, रोज पुसून, आणि मला वाटत होतं हेच आपलं. मग माझ्याच पोटची पोरगी, जिने शास्त्र धड कधी वाचलं नाही, प्रार्थनेत पेंगायची, ती लग्न मोडलेल्या दिवसांत त्याच्याजवळ पाय वर घेऊन बसते आणि साडीच्या फॉलच्या गोष्टी सांगते. म्हणजे मला दोन्हीकडून जळायचं होतं. त्याने तुला घेतलं म्हणून त्याचा हेवा, आणि तुला तो मिळाला म्हणून तुझा.

आता मंगळवारचं. तुझा फोन भलत्याच वारी आला म्हणून मी घाबरून उचलला, आणि तू रडत होतीस. "आई, तो आता तिथे नसतो," तू म्हणालीस. मराठीत. "मी जाते, बसते, बोलते, पण ते भिंतीशी बोलल्यासारखं हाय. इथल्या चर्चमध्ये पण नाही, खोलीत पण नाही. मले वाटलं होतं बरी झाली मी. मी बरी नाही झाली. तो होता म्हणून चाललं होतं." मग तू बराच वेळ नुसती रडलीस आणि मी ऐकत राहिले, आणि मग तू विचारलंस, "बाबा गेले तेव्हा तो तुह्याजवळ होता का? अन् मंग असाच निघून गेला का?" मी त्याला उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, "कशाले त्याच्या भरवशावर राहते? मी आहे ना." मी तुला कितीतरी वेळ धीर दिला. तू शांत झालीस. "आई, बरं वाटलं," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मग मी उठून स्वयंपाक केला. एकटीसाठी मी हल्ली खिचडीच टाकते, पण त्या दिवशी मी वरण केलं, भात केला, बटाट्याची भाजी केली, लोणचं काढलं. गुणगुणतही असेन. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग मला ते लक्षात आलं. माझी पोरगी तिकडे परक्या गावात भिंतीशी बोलते आहे, तिच्या हातातून जे एक धरायला होतं ते सुटलं आहे, आणि मी पोटभर जेवते आहे, कारण ते सुटून ती माझ्याकडे आली. सवत घर सोडून गेली म्हणून मी वरणभात केला होता. मी ताट तसंच झाकून ठेवलं.

बुधवारी सकाळी मी चर्चला गेले. धर्मपाल भैया झाडत होते. म्हणाले, "भाभी, आप?" मी म्हटलं, हो, मी. मी आत जाऊन तुझ्या बाकावर बसले, कारण भांडायला जायचं तर त्याच्या ओळखीच्या जागी जावं. आणि मी भांडले. हिंदी नाही, पुस्तकातली मराठी नाही, परतवाड्याला माझी आई हंड्याच्या रांगेत भांडायची तशी. मी म्हटलं, काहून रे बाबा, तुले दुसरी पोट्टी नाही भेटली काय? आधी नेली ती नेली, मंग सोडून काहून देऊन राहिला? सोडायची होती तर नेली कशाले? माह्यापाशी होती ना ती. मले म्हणशील तू आई हाय, तू सांभाळ, तर मी काय सांभाळू, मी तिची एक गोष्ट पोटात नाही ठेवू शकली. मी म्हटलं, मी जळते तुह्यावर, हे तुले माहीत असंल, नसंल तर आता सांगून राहिली. मी असं बरंच बोलले. वर कबुतरं फडफडत होती आणि धर्मपाल भैयांनी झाडू थांबवून बाहेर जायचं नाटक केलं, भला माणूस.

बोलून झाल्यावर मला एक गोष्ट आठवली. शास्त्रात तो स्वतःच सांगतो की मी ईर्ष्या करणारा देव आहे. आज्ञांमध्येच सांगतो, लपवत नाही. मी वाचायला शिकत होते तेव्हा या जागी माझं बोट कायम अडायचं. मला वाटायचं, देवाला हे शोभत नाही, लिहिणाऱ्याची चूक झाली असेल. बुधवारी मला वाटलं, चूक नाही. त्याला माहीत आहे. आपलं माणूस दुसऱ्याकडे पाय वर घेऊन बसलेलं बघताना पोटात काय होतं, ते त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. आणि मग मला असा विचार आला की मंगळवारी तू मला फोन केलास तेव्हा त्यालाही तसंच झालं असेल. म्हणजे एका पोरीवरून जळणारे आम्ही दोघे त्या चर्चमध्ये बसलो होतो. देवश्री, मला काही दिसलं नाही. आवाज आला नाही, ऊन पडलं नाही, अंगावर काटाही आला नाही. बाहेर ट्रक मागे घेताना तो टीं टीं वाजतो तसा वाजत होता. पण मी एकटी नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एकटी नव्हते, आणि हे मला कोणी सांगितलं नाही, मी वाचलं नाही, मला ते सरळ कळलं, जसं डोळे मिटून पडलेलं असताना खोलीत कोणी आलं की कळतं. तो मला काहीच म्हणाला नाही. मांडी रिकामी ठेवून जसं कोणी वाट बघत बसतं, बोलत नाही, तसा तो बसलेला होता. मी उठले तेव्हा ऊन दारात आलं होतं आणि मला भूक लागली होती.

म्हणून हे पत्र. फोनवर मी पुन्हा आईपणा करीन आणि मधेच काहीतरी चमकदार बोलून मोकळी होईन, म्हणून कागदावर. मंगळवारचं माझं ते वाक्य मी परत घेते. मी आहे, ते खरंच आहे, तू वाटेल त्या वारी फोन कर, वाटेल त्या भाषेत रड, ती गोष्ट या घराबाहेर जाणार नाही. पण 'त्याच्या भरवशावर कशाले राहते' हे मी हेव्याने बोलले, तुझ्या भल्यासाठी नाही, ते तू खोडून टाक. तू मला विचारलंस तो तुह्याजवळ होता का. खरं उत्तर असं आहे की मला माहीत नाही. मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणजे नव्हता असं मी धरून चालले. तूही तसंच धरून चालते आहेस का, एवढं बघ. जमलं तर जाऊन बस, बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नको, भांडावंसं वाटलं तर भांड, माझ्या अनुभवाने भांडलेलं चालतं. आणि मी सकाळी तुझ्यासाठी तिथे जाते आहे असं समजू नको, मी तुझी वकील नाही. बुधवारी तुझ्यावरून भांडून आले खरी, पण रस्त्याने घरी येताना मला वाटत होतं की माझं स्वतःचं काहीतरी तिथे सांगायचं राहून गेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, तुझं नाव काढलं नाही, आणि त्याला तुझ्या बाबांबद्दल सांगितलं.

तुझीच, आणि तुझ्यावरून देवाशी भांडून आलेली,
आई